खोबऱ्याचा काटा

दवाखान्यातला काटा दीडशेवर अडतो.
सुई थरथरते, मग टेकून बसते दमल्यासारखी.
म्हणून तारीनेस मावशीला मी धक्क्यावर नेलं,
जोर्बोनच्या पत्र्याच्या खोपटात,
जिथे खोबऱ्याची पोती मोजतात.

तिने चपला काढल्या. शिंपल्यांची माळही काढली.
"तेवढंच कमी," म्हणाली.
जोर्बोनने सवयीने विचारलं, "ओलं की सुकं?"
आणि जीभ चावली.
मावशी इतकी हसली की काटाच झुलायला लागला,
आकडा वाचायला आम्हाला थांबावं लागलं.

एकशे अठ्ठावन्न.

जोर्बोनची वही दोन रकान्यांची.
डावीकडे जातं ते : खोबरं.
उजवीकडे येतं ते : तांदूळ, मैदा, साखर,
सरबताची लाल पूड, जीभ दोन दिवस रंगवणारी.
लहानपणी मला वाटायचं, अख्खं बेट तराजूत आहे;
जहाज जितकं उचलून नेतं
तितकंच ठेवून जातं, म्हणून आपण तरंगतो.
कुठे ठेवतं,
ते मला दवाखान्यात लागल्यावर कळलं.

माजुरोला शिकवलं होतं तसं मी तिला सांगू लागले.
साखर रक्तात शिरते ती उधाणासारखी,
पांढरा भात तिच्या मागोमाग.
शरीर घाईघाईने मिळेल त्या कोठीत भरतं,
पोटावर, दंडांवर, मानेच्या मागे,
आणि पाणी ओसरलं की उघडा पडलेला तळ
पुन्हा खायला मागतो.
मावशी ऐकत होती. डोळे समुद्राकडे.
"तुझी आजी जन्मभर नीरफणस खायची," ती म्हणाली,
"तो काय पिठूळ नव्हता?"

होता.
माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं.

मग त्या वर्षी जहाज आलंच नाही.
साडेतीन महिने ते कुठल्याशा बंदरात
इंजिनाच्या एका सुट्या भागाची वाट बघत उभं.
एकोणिसाव्या दिवशी दुकानातली साखर संपली.
माणसांची डोकी दुखली, भांडणं झाली,
पाळकाने प्रवचनात दोनदा नाव चुकवलं.
मग म्हाताऱ्यांनी वाळूतला खड्डा उकरला,
पानांत गुंडाळून पुरलेला आंबूस नीरफणस वर आला.
त्या वासाने पोरं पळाली, संध्याकाळी परत आली.
अळूची खाचरं साफ झाली, गुडघाभर चिखलात.
केवड्याच्या जातीचं ते फळ आम्ही चघळत बसायचो;
दातांत त्याचे दोरे अडकतात,
ते काढता काढता जेवण तासभर लांबतं,
आणि माणूस अर्ध्यातच म्हणतो, पुरे.

कदाचित हेच उत्तर होतं.
पीठ तेच. पण झाडावर चढावं लागतं,
खणावं लागतं, भाजावं लागतं,
आणि आत धागा असतो, जो पोटाला घाई करू देत नाही.
कदाचित म्हणते. मासेही त्या महिन्यांत जास्त खाल्ले,
आणि कधी कधी नुसतंच कमी.

मावशीला पुन्हा काट्यावर उभं केलं.
"नऊ किलो उतरलं!"
अशी बातमी आणणाऱ्याच्या तोंडात साखर घालावी,
पण डबा रिकामा होता.
तिने तो उलटा करून ठोकला, आम्ही दोघी हसलो.

आणि एका पहाटे भोंगा वाजला.
सगळं बेट धावलं, मीही धावले,
हातात दवाखान्याची वही घेऊन, कशाला कोण जाणे.
रांगेत सर्वांत पुढे मावशी.
तांदळाची अर्धी गोण तिने मांडीवर घेतली
नातवाला घ्यावं तशी,
आणि माझ्याकडे बघून म्हणाली,
"अशी बघू नकोस गं.
खड्डा पुन्हा भरायला माणसं लागतात.
माझी दोन पोरं परदेशात कोंबड्या कापतात,
झाडावर चढणार कोण? तू?"

त्या संध्याकाळी तिने चहा केला. चार चमचे.
माझ्या कपात तिने विचारून दोनच घातले.
वही तिने स्वतःकडे ओढली,
बोटाने ओळी चाचपत राहिली.
"माझा आकडा कुठल्या रकान्यात लिहिलास?
जातं त्यात,
की येतं त्यात?"